नऊ बावीसची हजेरी

१

वंदनाने बुधवारी संध्याकाळी लिहिलेली ओळ गुरुवारी दुपारी दुसऱ्याच्या नावाने बाहेर पडली.

ओळ काही फार मोठी नव्हती. ‘बाग डिंक्याने गेली? त्याच रानात पुन्हा मोसंबी लावता येते. आधी खुंट विचारा.’ कलम ज्याच्यावर बांधतात ते बुडाचं झाड म्हणजे खुंट. मोबाईलवर कुणी ‘मोसंबीच्या बुडाला डिंक का येतो’ असं शोधलं की उत्तरांच्या डोक्यावर, पैसे भरून घेतलेल्या जागेत, ही ओळ दिसायची होती. पण ती सुरू होणार होती शुक्रवारी सकाळी. तोवर जाहिरातींच्या खात्यात झाकून ठेवलेली. तिला जगात दोनच माणसांनी पाहिलं होतं, लिहिणाऱ्या वंदनाने आणि खात्यात भरणाऱ्या कशफने.

आणि आता जालन्याच्या मधुगंध कलमबागेची जाहिरात वंदनाच्या हातातल्या मोबाईलवर होती. तेच शब्द, त्याच क्रमाने, ‘आधी खुंट विचारा’सकट. खाली त्यांचा नंबर आणि बारीक अक्षरांत ‘कार्यालय मंगळवारी बंद’.

पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी ती म्हणाली योगायोग. दुसऱ्या वेळी जेवली नाही. बदनापूरपासून चार किलोमीटरवर तिची साऊली नर्सरी. शेतकरी ‘उत्कृष्ट मोसंबी रोपे’ असं कधी शोधत नाही, तो आपलं दुखणं शोधतो, हे तिला उमगलं होतं. म्हणून तीन वर्षं फोनवर आलेला एकेक प्रश्न तिने वहीत उतरवून ठेवला होता. ती वही म्हणजे नर्सरीचा जीव होता. आणि तीच कुणीतरी पानापानाने उचलत होतं.

अठरा हजार कलमं पिशव्यांत उभी होती. दीर माऊली यांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, “वहिनी, आषाढ संपायच्या आत कलमं गेली तर नर्सरी तुमची. न्हाई गेली तर जमीन प्लॉटिंगला. दादा होता तवा वेगळी गोष्ट होती.” आषाढ संपायला अठ्ठावीस दिवस होते.

कशफ आली तेव्हा वंदना शेडनेटखाली उलट्या क्रेटवर बसली होती. जाळीतून गाळून आलेल्या हिरव्या उजेडात पोरीचा चेहरा आजारी दिसत होता. तिने लॅपटॉप उघडला, पण फिरवला नाही.

“ताई, तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळून राह्यलंय. दोघींनाच माहीत, मंग दुसरी कोण? मीच. पण मी न्हाई केलं.”

“मग कोणी केलं?”

“नाव सांगितलं तर मला वेडी म्हणाल.”

तिने पडदा फिरवला. खात्यात येण्याची परवानगी असलेल्यांची यादी होती. वंदना. कशफ. आणि त्यांच्या वर, सगळ्यांत पहिलं, एक नाव. त्याच्यासमोर लिहिलं होतं: शेवटची हजेरी, आज, सकाळी ९ वाजून २२ मिनिटे.

नाव हरिओमचं होतं. वंदनाचा नवरा. तो कार्तिकात ह्याच जाळीखाली, कलम बांधता बांधता छातीवर हात धरून बसला तो उठला नव्हता.

२

वंदनाने तीनदा वाचलं. मग तिने जे केलं त्याची तिला पुढे लाज वाटली. ती आनंदाने हसली.

“यंत्राची चूक असंल,” कशफ घाईने म्हणाली. “किंवा कुणीतरी त्यांच्या नावाने शिरतंय. हे खातं त्यांनीच उघडलेलं, त्यांचा फोन...”

“फोन कपाटात आहे.”

ते खरंच होतं. निदान वंदना तसंच धरून चालली होती. हरिओमचं लोखंडी कपाट तेराव्याला बंद झालं आणि किल्ली सासूच्या, झुंबरबाईंच्या, कमरेला गेली. वंदना तेव्हा आतल्या खोलीत होती, तिला बाहेर येऊ दिलं नव्हतं. त्यानंतर कपाट उघडा म्हणायचा तिला धीर झाला नाही आणि झुंबरबाईंनी आपणहून उघडलं नाही. आठ महिने बंद कपाटात पडलेला फोन, आतलं कार्ड माऊलींनी काढून घेतलेलं. तो सकाळी नऊ बावीसला उठून जाहिराती पाहतो म्हणजे काय?

“हे नाव आत्ता काढून टाकते,” कशफने बोट बटणाकडे नेलं. “एक मिनिटाचं काम. नाव गेलं की चोरी बंद.”

“काढू नको.”

“ताई, सीझन चाललाय...”

“सांगितलं ना, काढू नको!”

आवाज इतका चढला की पलीकडे पाणी घालणारा पुंजाराम नळी धरून तसाच उभा राहिला. वंदनाला कळत होतं की आपण वेड्यासारखं बोलतोय. कळूनही तिला ते नाव यादीत हवं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने कुठेतरी पाऊल ठेवल्याची खूण मिळाली होती.

कशफने लॅपटॉप मिटला. “मंग मामूला बोलावते. त्यांना विचारू. मला चोर म्हणून इथून जायचं न्हाई.”

३

कशफच्या मामूंनी, गावाच्या गयासोद्दीन चाचांनी, टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून बत्तीस वर्षं काढली होती. साऊली नर्सरीतला पहिला फोन त्यांनीच जोडला होता. आता बदनापूर स्टेशनच्या मागे राहायचे, दिवसभर गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कोणती किती उशिरा आली याचा हिशेब कुणी न विचारता सांगायचे. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. रिसीव्हर त्याच कानाला लावून आयुष्य गेलं, म्हणायचे. शर्टाच्या खिशात टेस्टर अजून होता. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी पडद्यावरचं नाव पाहिलं आणि वंदनाकडे पाहिलं. उपदेश काही केला नाही.

“बेटा, नाव राहू द्या. बिलकुल काढू नका. माझ्या धंद्यात एक शिकलो. मुकी लाईन वाजायला लागली की लोक भूत म्हणतात. मी खांबावर चढायचो. प्रत्येक टाईमला एखादी जोडणी कापायची राहिलेली असायची.” मग कशफला म्हणाले, “रोज बघ. किती वाजता येतो, तेवढं लिहून ठेव. नवीन कायबी भरू नको.”

कशफने कॅलेंडरच्या मागे लिहायला घेतलं. शुक्रवार नऊ बावीस. शनिवार नऊ वीस. रविवार नऊ चोवीस. वंदना रोज सव्वानऊला तिच्या शेजारी येऊन बसे, कामाचं काही निमित्त काढून. नावासमोरची वेळ बदलली की ती उठून कलमांत जाई.

दरम्यान चाचा एकेकाला विचारत फिरले.

माऊलींनी काही लपवलं नाही. “मला प्लॉटिंग पायजे, हे सगळ्या गावाला माहिती आहे. पण चोरी? मला त्या जाहिरातीतलं काय कळतंय, चाचा?”

“दादांचा फोन शेवटी कुणाच्या हातात होता?”

माऊलींचा चेहरा एकदम बंद झाला. “ते विचारू नका.”

“का?”

“न्हाई विचारायचं, म्हणून न्हाई विचारायचं.” आणि ते मोटारसायकलला किक मारून निघून गेले. वंदनाने हे खिडकीतून ऐकलं. तिला वाटलं, सापडला.

झुंबरबाईंनी तर प्रश्न पुराच होऊ दिला नाही. कमरेची किल्ली मुठीत धरली आणि म्हणाल्या, “माझ्या लेकाच्या वस्तूचं नाव काढायचं न्हाई कुणी. काढलं तर त्याला माघारी फिरावं लागतं.”

राहिला पुंजाराम. वीस वर्षं इथे खुंटांवर मोसंबीचे डोळे बांधत होता. त्याने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

“चाचा, वयनीला सांगू नका. मी हरिओमदादाला बघितलंय.”

“कधी?”

“मागल्या महिन्यात. लेकीला सोडायला स्टेशनात गेल्तो, सकाळच्या पॅसेंजरला. फलाटावर पाठमोरा उभा होता. त्योच पिवळ्या चौकड्याचा सदरा. तीच कोल्हापुरी, डाव्या पायाची नाल मारलेली. काखेत छत्री. ऊन रणरणतंय अन् काखेत छत्री, दादा असंच करायचा. मी हाक मारली. त्यानं ऐकलं न्हाई. गाडीत चढला.”

“तोंड पाहिलं?”

“मला बघायचंच न्हव्हतं.”

वंदना दाराआड होती. तिने सगळं ऐकलं होतं.

४

कॅलेंडरच्या मागे सहा दिवस झाले. शेवटच्या दोन ओळी चाचांनी बोटाने ठोकल्या. मंगळवारी हजेरी नव्हती. दिवसभर तीच सोमवारची वेळ तिथे बसून होती. आणि बुधवारी होती, पण नऊ बावीसची नाही. दहा पन्नासची.

“कशफ, उद्या एक गंमत करू. मोसंबीचा असा एक शब्द सांग, जो जगात न्हाई.”

कशफने विचार केला. “काळी मोसंबी.”

पुंजारामने ऐकलं असतं तर त्याला झीट आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, खोलीत कशफ, चाचा आणि वंदना अशा तिघांनीच बसून, तो शब्द खात्यात भरला. जाहिरात अशी: ‘काळी मोसंबी. मराठवाड्यात पहिल्यांदा. कलमं मोजकीच.’ सुरू होण्याची तारीख पुढच्या महिन्याची टाकली, म्हणजे ती बाहेर कुणालाच दिसणार नव्हती. तिघांनी आपापले फोन टेबलावर ठेवले आणि दाराला आतून कडी घातली. चाचांनी खिशातून पेरू काढून कापला. कुणी खाल्ला नाही.

नऊ एकवीस. नऊ बावीस.

हरिओम आला. कशफने नुसतं बोट ठेवलं. त्याच्या नावासमोरची वेळ त्यांच्या डोळ्यांदेखत बदलली. खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा आवाजही वंदनाला कुणी श्वास घेतल्यासारखा वाटला. जाळीखाली पाठमोरा बसून, मान जराशी डावीकडे कलती करून, कलमाचा चाकू चालवणारा तो माणूस आत्ता, ह्या घटकेला, तिने भरलेली ओळ वाचत होता. तिला त्याला हाक मारावीशी वाटली. हाक कुठे मारायची, तेवढंच कळेना.

साडेअकराला कशफने मोबाईलवर ‘काळी मोसंबी’ शोधलं. वर जाहिरात होती. ‘काळी मोसंबी, फक्त मधुगंध कलमबागेत. मराठवाड्यात पहिल्यांदा.’

चाचा पोट धरून हसले. “जगात नसलेलं झाड विकायला काढलंय पठ्ठ्यानं!” मग हसू पुसून वंदनाला म्हणाले, “बेटा, आता नक्की झालं. तुमच्या घरातलं कुणी बाहेर सांगत न्हाई, वही चोरीला जात न्हाई. आपण दाराला कडी लावून बसलो होतो. जे जातंय ते ह्या एका नावातून. चला, सासूबाईंकडे. कपाट उघडायचंय.”

५

झुंबरबाई उघडेनात. माऊलींना बोलावलं, ते दारातच खांबाला धरून उभे राहिले. शेवटी वंदनाने सासूचे पाय धरले आणि आठवडाभर मनात धरलेलं बोलून टाकलं.

“आत्याबाई, ते रोज येतात. सकाळी नऊ बावीसला. मी बघते.”

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. “कोण येतो?”

“तुमचा हरिओम. मोबाईलवर नाव येतं त्यांचं.”

झुंबरबाईंच्या हातातून किल्ली सुटली. चाचांनी ती उचलली आणि विचारायच्या भानगडीत न पडता कपाटाला लावली. दार कुरकुरलं.

कपाट रिकामं होतं. एक सदरा नाही, एक रुमाल नाही. फक्त खालच्या फळीवर डांबरगोळीचा पांढरा डाग.

“माझ्या मनात आलंच होतं,” चाचा हळू आवाजात म्हणाले. ते खाटेच्या कडेवर बसले आणि चांगला कान माऊलींकडे केला. “माऊली, मी सांगतो, तुम्ही फक्त चुकलं तर हटका. आठवडाभरात हजेरी कधी चुकली? मंगळवारी. मेलेल्या माणसाला आठवड्याची सुट्टी कशाला पायजे? आणि त्यांच्या जाहिरातीखाली लिहिलंय, कार्यालय मंगळवारी बंद. म्हणजे हा मधुगंधच्या कार्यालयात बसतो. बुधवारी दहा पन्नास का? त्या दिवशी सकाळची पॅसेंजर दीड घंटा लेट होती, मी घरात बसून ऐकली. म्हणजे हा बदनापूरहून गाडीने जालन्याला जातो. फोनात कार्ड न्हाई, म्हणून रस्त्यात कुठंच दिसत न्हाई. कार्यालयात पोचला, तिथलं वायफाय लागलं, की आपल्या यादीत नाव पेटतं. नऊ बावीसला. आणि पुंजारामनं स्टेशनात सदरा पाहिला, चपला पाहिल्या, छत्री पाहिली. तोंड न्हाई पाहिलं. एका माणसाच्या अंगावर दादांचं सगळंच्या सगळं आहे. चोरानं फोन नेला असता, नाल मारलेल्या चपला न्हाई नेल्या असत्या. हे कुणीतरी दिलंय. आणि दिलेल्याचं नाव काढायचं नसतं, म्हणून ह्या घरात सगळे गप आहेत. तेराव्याला दिलं न्हाई का?”

माऊली जमिनीकडे बघत म्हणाले, “आमच्या घराण्यात रीत आहे. गेलेल्याच्या वयाचा, अंगापिंडानं तसाच माणूस शोधायचा. परका. त्याला त्याच्या पाटावर बसवायचं, त्याचं नाव घेऊन घास द्यायचा. मंग त्यानं वापरलेलं सगळं त्याला. पुन्हा त्याचं नाव काढायचं न्हाई, वस्तू मागायची न्हाई.”

“अन् फोन?”

“फोन मी ठेवून घेणार होतो. कमीत कमी आतलं पुसून द्यावं म्हणलं. आईनं कार्ड तेवढं काढू दिलं, बाकी हात लावू दिला न्हाई.”

झुंबरबाई इतका वेळ रिकाम्या कपाटाकडे बघत होत्या. “बंद पडलेली वस्तू दानात चालत न्हाई,” त्या म्हणाल्या. “चालती द्यावी लागती. अन् माझा लेक फोनाबिगर जेवत होता का? ताटाशेजारी फोन लागायचा त्याला. सारखा मोसंबीवाल्यांचे फोन. तिकडं गेल्यावर कुणाला विचारील तो? चार्जरबी दिला मी. त्याचं सगळं त्यातच राहू द्या म्हणलं.”

वंदनाला म्हातारीचा राग यायला हवा होता. वहीतला एकेक प्रश्न, तीन वर्षांची मेहनत, सीझनचे दिवस, सगळं ह्या बाईने चार्जरसकट परक्याच्या हातात दिलं होतं. राग आला नाही. त्या क्षणी तिला फक्त एवढंच कळलं की तो येत नव्हता. कधीच आला नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडली, तेराव्याला जे रडू दिलं नव्हतं ते.

६

दुसऱ्या दिवशी साडेआठला बदनापूरच्या फलाटावर तिने त्याला पाहिलं, आणि सगळं ठाऊक असूनही तिचे पाय जागच्या जागी थांबले. पिवळ्या चौकड्याचा सदरा. काखेत छत्री. मान जराशी डावीकडे. चाचांनी तिचा दंड धरला नसता तर ती पळत गेली असती, त्याच्याकडे की उलट दिशेला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“रखमाजी,” माऊलींनी हाक मारली.

माणूस वळला. तोंड अगदी वेगळं होतं, देवीचे व्रण असलेलं, भित्रं. वंदनाला पाहताच त्याने छत्री काखेतून काढून हातात घेतली.

तो मधुगंधच्या कार्यालयात पाणी देणं, झाडलोट करणं, पिशव्या मोजणं अशी कामं करायचा. माऊलींना त्याच्याविषयी तेराव्याला एवढंच सांगितलं होतं की जालन्याला कुठंतरी कामाला आहे, वय बरोबर आहे. कुठे कामाला, हे त्या दिवशी कोण विचारतो?

“मी कायबी लबाडी केली न्हाई,” रखमाजी म्हणाला. “कार्यालयात गेलं की फोन वाजायचा. मोसंबीचं कायतरी यायचं. मालकांना दाखवलं, साहेब हे काय असतं बघा. मालकांनी तवापासून रोज आल्या आल्या फोन मागून घेतला. अर्ध्या घंट्यानं माघारी द्यायचे.”

“दुसऱ्याचं आहे, हे कळत नव्हतं?” वंदनाने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. भीती गेली होती. तिथे दुसरंच काही होतं.

“ताई, तुमच्या माणसांनी मला दादांच्या पाटावर बसवलं. हरिओम म्हणून हाक मारली अन् घास दिला. आई माझ्या तोंडावरून हात फिरवून रडली. त्या दिवसापासून मी हे कपडे दुसऱ्याचे समजून घातलेच न्हाईत. मंग त्यांचं जे आलं ते माझं न्हाई का?”

माऊली दुसरीकडे बघायला लागले.

“फोटो आहेत का त्यात?” वंदनाने विचारलं. “त्यांचे. आमचे.”

“होते. मालक म्हणाले, जागा अडती. सगळं पुसलं, ते एक जाहिरातीचं तेवढं ठेवलं.”

आता मात्र तिला राग आला. जालन्याच्या त्या न पाहिलेल्या माणसाचा इतका राग आला की कानशिलं तापली. शब्द चोरले ते एक वेळ ठीक, शब्द ती पुन्हा लिहील.

रखमाजीने फोन पुढे केला. “घ्या.”

माऊलींचा हात उठला आणि मध्येच थांबला. वंदनाने फोनकडे पाहिलं. कोपऱ्यात काच तडकलेली होती, हरिओमच्या हातून पंपावर पडला होता तेव्हाची. तिला तो हवा होता. पण घरी झुंबरबाई होत्या, आणि दिलेलं माघारी आलं तर लेक माघारी फिरतो असं मानणाऱ्या त्या बाईला ती आणखी काय काय सोसायला लावणार होती?

“ठेवा,” ती म्हणाली. “तुम्हाला दिलाय. फक्त आजपासून त्यात आमचं काही येणार नाही.”

पॅसेंजर आली. रखमाजी चढला, आणि दारात उभं राहून गाडी हलेपर्यंत त्याने छत्री उघडली नाही की काखेत घेतली नाही.

७

त्या दिवशी नऊ बावीसच्या आत काम उरकायचं होतं. कशफने यादी उघडली आणि लॅपटॉप वंदनाकडे सरकवला. “ताई, मी करू?”

“नको.”

हरिओमच्या नावासमोर बटण होतं. दाबल्यावर यंत्राने विचारलं: ह्या व्यक्तीला काढून टाकायचं, हे नक्की? किती जणांनी तिला इतकं सरळ विचारलं होतं? कुणीच नाही. कार्तिकात सगळं तिच्या पाठीमागे झालं होतं. कपडे कुणी उचलले, पाट कुणी मांडला, कुणाला घास दिला. तिने ‘नक्की’वर बोट ठेवलं आणि उचललं. यादीत दोन नावं राहिली.

पुढचं सगळं भरभर झालं. काळ्या मोसंबीच्या आपल्या आणि त्यांच्या, दोन्ही जाहिराती पुरावा म्हणून लावून कशफने जाहिरात कंपनीकडे तक्रार केली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मधुगंधला आठवडाभर लोक काळ्या मोसंबीसाठी फोन करत होते म्हणे. काय उत्तर दिलं ते त्यांनाच माहीत. वंदनाने वहीतून नव्या ओळी काढल्या आणि ह्या वेळी त्या तिच्याच नावाने बाहेर पडल्या. अंबड, घनसावंगी, पैठणकडून फोन यायला लागले. आषाढाचे आठ दिवस उरले असताना अठरा हजारांतली चौदा हजार कलमं गेली होती, बाकीचीही बोलून ठेवलेली होती, आणि माऊली कुणी न सांगता टेम्पोत पिशव्या चढवत होते. प्लॉटिंगचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कशफची माफी वंदनाने मागितली. पोरगी म्हणाली, राहू द्या ताई, तुमच्या जागी मी असते तर मीच मला हाकललं असतं.

एक गोष्ट मात्र वंदनाच्या ध्यानात आली नव्हती. कपाट उघडलं त्या दिवसापासून झुंबरबाई रोज सकाळी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसायच्या. आत यायच्या नाहीत, काही मागायच्या नाहीत. थोडा वेळ बसून उठून जायच्या. गर्दीत वंदनाला वाटलं, म्हातारीला घरात करमत नसेल.

नाव काढलं त्याच्या चौथ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. वंदना पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर आली. झुंबरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. वेळ त्यांना वाचता येत नव्हती; काटे कुठे आले म्हणजे काय, तेवढं त्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतलेलं दिसत होतं.

“आला का गं आज?”

वंदना त्यांच्या शेजारी बसली. खोटं बोलणं सोपं होतं. तिने तांब्या खाली ठेवला.

“नाही, आत्याबाई. चार दिवस झाले. आता नाही यायचे ते.”

म्हातारीने मान हलवली. मग ती पदराने तोंड पुसून गुडघ्यावर हात देत उठली.

“मंग पोचला असंल,” ती म्हणाली, आणि चुलीकडे निघून गेली.